थकव्याची पंगत

वैशाखातल्या एका रविवारी, नागपूरच्या भर उन्हात, दमयंती हटवारनं काठी न टेकता, कुणाचा हात न धरता एका लग्नाची अख्खी पंगत उभ्यानं वाढली. वडाभातावर फोडणीच्या तेलाची धार धरताना तिचा हात तसूभरही हलला नाही.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलं नाही. त्या रविवारी पंगत बसलीच नव्हती, बसली असल्यास दमयंती तिथं नव्हती, आणि असल्यास ती वाढत नव्हती. ज्यांनी तिच्या हातचा वडाभात दोनदा मागून घेतला आणि सोमवारी पोट धरून बसले, त्यांनी तो दोष दुसऱ्या एखाद्या जेवणावर टाकावा. तज्ज्ञ समितीचा निर्णय तसा आहे, आणि समितीचा निर्णय आला की घडलेल्या गोष्टीनं मुकाट बाजूला सरून वाट द्यायची असते.

तेव्हा ही न घडलेली गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

दमयंती त्रेचाळीस वर्षांची. इतवारीत वडिलांनी सुरू केलेला जेवणावळींचा धंदा ती आणि तिचा धाकटा भाऊ प्रफुल्ल चालवत. प्रफुल्ल हिशेब आणि गाड्या बघायचा, दमयंती चूल आणि पंगत. तिची ख्याती आग्रहाची. तिच्या पंगतीतून कुणी एका जिलेबीवर सुटल्याचं ऐकिवात नव्हतं. साखरेचे रोगी तिच्या पंगतीला यायच्या आधी डॉक्टरांना विचारत नसत, थेट देवाला विचारत.

सहा वर्षांपूर्वी तिच्या हातातली पळी थरथरायला लागली. मग जमीन हलायला लागली. जमीन हलत नाही, तूच हलतेस, असं तिला बऱ्याच तपासण्यांनंतर सांगण्यात आलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस.

मज्जातंतू म्हणजे विजेच्या तारा धरा. तारेवर रबर असतं तसं मज्जातंतूवर मायलिन नावाचं आवरण असतं. या आजारात राखणदारानं चोर समजून घरच्यांनाच झोडपावं तशा शरीराच्या संरक्षक पेशीच त्या आवरणाला कुरतडतात. मेंदूनं ‘उजवा पाय’ म्हटलेलं पायापर्यंत पोचतं, पण लग्नातल्या कर्ण्यावरून पोचावं तसं. आवाज आला, काय म्हणाले ते कळलं नाही. मग मेंदू तेच पुन्हा सांगतो, पुन्हा सांगतो. या आजारातल्या थकव्याचं एक कारण तेच. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून भेटणारा प्रत्येक माणूस म्हणतो, “दिसून तर मस्त राहिली!” ऊन लागलं की तारांमधली गळती आणखी वाढते. या आजारासाठी नागपूर हे गाव कुणी मुद्दाम निवडणार नाही. पण गाव निवडलेलं नसतं, ते असतं.

दर गुरुवारी दमयंती एका हॉलमध्ये सामूहिक फिजिओथेरपीला जायची. तिथं भला मोठा कूलर होता, बर्फाच्या पिशव्या शिवलेली जाकिटं होती, आणि डॉक्टर ऋजुता गभणे नावाची, रागावता येत नाही म्हणून जास्तच गोड बोलणारी फिजिओथेरपिस्ट होती. तिच्या गटात तिघं. दमयंतीचे पाय दणकट, नजर चांगली, पण तोल गेलेला आणि हात कापरे. दुसरे चौरागडे सर, निवृत्त भूगोलशिक्षक, नजर धूसर, पाय जेमतेम, पण तोल असा की चालत्या बैलगाडीत उभं राहून नकाशा काढतील. तिसरी नाझनीन, मेंदी काढणारी. कमरेखाली तिचं शरीर तिचं ऐकत नव्हतं म्हणून ती चाकाच्या खुर्चीत, पण बोटं सुईसारखी. सर “एक” म्हणत, मग तिघं मिळून मोजत, आणि मोजता मोजता हात-पाय उचलत. एकट्यानं जे जमत नाही ते मोजण्याच्या सुरात थोडं जमतं, हे फिजिओथेरपीवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

का जमतं, हे कुणीतरी विचारलं आणि त्यातून ‘सहभार’ निघालं.

कल्पना साधी होती. हा आजार प्रत्येकाच्या तारा वेगवेगळ्या जागी कुरतडतो. म्हणजे तीन मोडक्या घरांच्या वायरिंगमधून एक धड घर उजळू शकतं. मानेवर एक पट्टा, मनगटांना आणि घोट्यांना चार, आणि मध्ये जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. दमयंतीचा तोल ढळायला लागला की पेटी ती ढळ टिपून सरांच्या शाबूत मेंदूभागाकडे पाठवायची. तो भाग सरांनाही न विचारता ती दुरुस्त करायचा, आणि दुरुस्ती पापणी लवायच्या आत दमयंतीच्या स्नायूंत परत यायची. आधी शास्त्रज्ञांनी दुरुस्त्या ध्वनिमुद्रणासारख्या साठवून वापरून पाहिल्या. शरीरानं त्या शिळ्या म्हणून ओळखल्या आणि माणसं धाडकन पडली. प्रत्येक पाऊल त्या क्षणीच्या जमिनीला दिलेलं उत्तर असतं. पाठ केलेलं उत्तर चालत नाही. समोर जिवंत माणूस लागतो.

आणि काम जिकडे जाईल तिकडे थकवाही जातो. दमयंतीचा तोल सरांनी सांभाळला की दमणार सर. जो राबेल तो दमेल, हा जुना नियम तेवढा यंत्राला मोडता आला नव्हता.

अट एकच. घेणाऱ्यानं स्वतःला सैल सोडायचं. एका गाडीला दोन ड्रायव्हर असले की गाडी खड्ड्यात जाते, म्हणून घेणाऱ्याच्या नसांनी किंचितही नकार दिला तर पेटी काम थांबवायची. बटण दाबून, सही करून उपयोग नव्हता. पेटी तोंडाचं ऐकत नव्हती, नसांचं ऐकत होती.

कुणी दुसऱ्याची ताकद ओरबाडू नये म्हणून यंत्रात नाना कुलपं होती. कुणी घेणारच नाही, याची सोय मात्र नव्हती. सहा महिने झाले, दर गुरुवारी भिंतीवरच्या पडद्यावर एकच ओळ यायची. देणारे तीन, घेणारा नाही.

“ताई, सैल सोडा,” ऋजुता म्हणायची.

“सोडलं ना.”

“खांदे कानाला लागलेत तुमचे.”

“ते तसेच आहेत माझे.”

“आधी नाझनीनला द्या,” सर म्हणायचे. “पोरगी तरुण आहे.”

“मला काय धाड भरलीय? सरांना द्या, त्यांचं वय बघा जरा,” नाझनीन म्हणायची.

“वय काढायचं काम नव्हतं.”

“काढलं नाही सर, ते बाहेरच होतं.”

शेवटी यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं पुण्याहून एक इंजिनिअर धाडला. त्यानं दोन दिवस पेटी उघडली, मिटली, जाताना सगळ्यांना नमस्कार केला आणि अहवालात एक ओळ लिहिली. यंत्र निर्दोष आहे, रुग्ण सभ्य आहेत.

तिघांत सगळ्यात अडेल दमयंती. तिनं आयुष्यभर हात वरून खाली नेला होता, पळीतून पानात. खालून वर हात करायची तिच्या हाताला सवयच नव्हती.

त्या हिवाळ्यात एका लग्नात तिच्या हातून नवरदेवाच्या मावसोबांच्या धोतरावर कढी सांडली. मावसोबा भला माणूस. “कढी छान आहे,” म्हणाले. पण प्रफुल्लनं ते पाहिलं, आणि कढी होती म्हणून निभावलं, तेल असतं तर, हेही त्याला दिसलं. पुढच्या महिन्यात त्यानं तीन वाढपगाड्या चाचणीसाठी आणल्या. कमरेएवढ्या उंचीच्या, पोलादी हाताच्या, पानाचा अंदाज घेणारा डोळा असलेल्या. पान संपत आलं की गाडी गोड आवाजात म्हणायची, “आणखी थोडं घ्या ना.” तीनदा म्हणायची. तिसऱ्यांदाही नको म्हटलं की “आनंद वाटला” म्हणून पुढं जायची.

दमयंतीनं तिच्यासमोर पान मांडून पाहिलं.

“हिला कसं समजते, कोण लाजून नाही म्हणून राहिला अन् कोणाचं खरंच भरलं?”

“सेटिंग आहे ताई. तीन.”

“सगळ्यांना तीन?”

“पाच पण करता येते.”

“अन् ज्याला एकदाच विचारलं की डोळे भरून येतात त्याला?”

प्रफुल्लनं गाडीचं बटण बंद केलं. तो वाईट भाऊ असता तर गोष्ट सोपी झाली असती. दवाखान्यात ती झोपायची तेव्हा तो खाली सतरंजीवर झोपायचा. “ताई, तू काउंटरवर बस,” तो म्हणाला. “खुर्ची आणतो, पंखा लावतो, तिथून हुकूम सोड. तू पडशील, या विचारानं मला जेवण जात नाही.”

“अन् पंगत?”

“पंगत गाड्या सांभाळतील.”

बरीच ओढाताण होऊन दोघांत एक ठरलं. वैशाखातल्या त्या रविवारच्या लग्नात दमयंतीनं एका अख्ख्या पंगतीला फोडणीचं तेल उभ्यानं वाढायचं. जमलं तर पंगत तिची. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी खुर्ची, पंखा, काउंटर. गाड्या मांडवात भिंतीशी उभ्या राहतील, हेही ठरलं. “काळजी म्हणून,” प्रफुल्ल म्हणाला. दमयंतीला त्या नव्या सुनांसारख्या वाटल्या, घरातली म्हातारी कधी आटोपते याची शांतपणे वाट पाहणाऱ्या.

गुरुवारी तिनं हे हॉलमध्ये सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण मोजता मोजता “चार” म्हणायच्या जागी ती रडली.

“मग पेटी नेऊ ना तिथं,” नाझनीन म्हणाली.

“पट्टे हॉलबाहेर न्यायचे नाहीत,” ऋजुता म्हणाली. “सरळ प्रकल्प बंद होतो. माझी नोकरीही.”

“बरोबर,” चौरागडे सर म्हणाले. “नियम म्हणजे नियम. लग्न कुठं आहे?”

ऋजुतानं कूलरचा वेग वाढवला. “शनिवारी मी कपाटाला कुलूप लावायला विसरेन,” ती शेवटी म्हणाली. “मला हे सोमवारी लक्षात येईल. तोवर सगळं जागेवर असावं. आणि ताई, तुमच्या खांद्यांचं काय? पेटी नेलीत तरी घेणारं कोणीच नाही.”

शनिवारी नाझनीननं पट्ट्यांसकट पेटी उचलली. “उचलली नाही,” ती पुढं कायम म्हणायची. “ती स्वतःहून पर्समध्ये आली.”

रविवारी मांडवात भट्टी, ऊन आणि वऱ्हाडी यांच्यात कोण जास्त तापतं याची चढाओढ होती. दमयंतीनं साडीच्या आत बर्फाचं जाकीट घातलं होतं, पट्टे मोठ्या काठाच्या बाह्यांखाली आणि पायघोळ निऱ्यांखाली लपले होते. पेटी एका पितळी डब्यात, डबा नाझनीनच्या मांडीवर. नाझनीन मुलीकडच्यांची मेंदीवाली म्हणून आली होती. चौरागडे सर कोण म्हणून आले होते हे कुणी विचारलं नाही. धोतर-टोपीतला म्हातारा लग्नात कुणाचा तरी असतोच. ते पहिल्या रांगेच्या टोकाला, टेबलाशी खुर्चीवर बसले.

पानं मांडली गेली. वडाभात वाढप्यांनी वाढला. आता तेल. दमयंतीनं वाफाळत्या तेलाची कढली उचलली, आणि जमीन हलली. कानातल्या बारीक यंत्रातून पेटीचा निर्विकार आवाज आला. देणारे दोन, घेणारा नाही.

तिनं खांदे सोडायचा प्रयत्न केला. खांदे वर गेले. कढलीत तेल काठाला आलं. भिंतीशी उभ्या गाड्यांपैकी एकीचा डोळा लुकलुकला. प्रफुल्ल दोन पावलं पुढं आला होता आणि थांबला होता, बहीण पडली तर झेलता येईल इतक्या अंतरावर.

ती सरांच्या खुर्चीपाशी आली. “नाही होत सर,” ती हळूच म्हणाली. “माझ्याकडून घेणं होत नाही. तुम्ही तरी जेवून घ्या. आणू का भात, गरम?”

सरांनी पानावर हात आडवा धरला. “नको.”

“असं कसं? थोडा.”

“नको.”

“एवढासा सर. मी स्वतः रांधला आहे पहाटेपासून.”

“नको म्हटलं ना. मला नाही चालत कुणाचं.”

दमयंतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “अपमान करून राहिले सर तुम्ही.”

“हं,” सर म्हणाले. हात पानावरच होता. “किती वाईट वाटतं, नाही? माणूस पळी घेऊन उभा आहे, अन् समोरचा हात आडवा करून बसला आहे. सहा महिने झाले बाई. दर गुरुवारी तू माझ्याशी हेच करून राहिली. नाझनीनशी हेच. आम्ही काही भिकेचं वाढत नव्हतो तुला. आम्हीही पहाटेपासून रांधलं होतं.”

मांडवात कुणीतरी तेलासाठी हाक मारली. दमयंती जागची हलली नाही. तिला कढीनं भिजलेलं धोतर आठवलं नाही, प्रफुल्ल आठवला नाही, गाड्याही नाहीत. एवढंच आठवलं की तिनं वाढलेलं ज्यांनी ज्यांनी नाकारलं होतं ते सगळे तिला अजून चेहऱ्यानं पाठ होते.

“वाढा,” ती सरांना म्हणाली.

खांदे कधी खाली आले तिला कळलं नाही. जमीन मात्र कळली. सहा वर्षांनी ती पायांखाली येऊन गप बसली, ओरडून बोलावलेलं मूल एकदम शेजारी येऊन बसावं तशी. सगळ्या जगाच्या कडा कुणीतरी चारी बाजूंनी नीट धरल्या होत्या. तिनं पहिल्या पानावर धार धरली. धार बारीक, सलग, न तुटणारी. ती पुढच्या पानाकडे गेली तेव्हा पहिल्या पानावरच्या बाई म्हणाल्या, “अगं बाई, हे बघा!” वडाभातावर तेलाची सुबक कोयरी उमटली होती, आत तीन ठिपक्यांसकट. तिकडे मुलीकडच्या बायकांत बसलेल्या नाझनीनची बोटं मांडीवर आपोआप वळत होती.

पंगतभर कोयऱ्या झाल्या, वेली झाल्या, एका काकांच्या भातावर मोर झाला. काकांना तो मोडवेना म्हणून त्यांनी आणखी भात मागितला. प्रत्येक रांगेच्या टोकाला दमयंती थबकायची, हात पाठीमागं बांधायची आणि रांगेवरून अशी नजर फिरवायची की दोन-तीन माणसांना आपला गृहपाठ राहिलाय असं वाटून गेलं. ते सर होते.

आणि थकवा नव्हता. दुपारी कुशीतून निघून मानेपर्यंत चढणारा, वाळूच्या पोत्यासारखा तिचा थकवा गेला होता. कुठं गेला हे तिला ठाऊक होतं. ती तिकडे पाहत नव्हती.

शेवटची रांग राहिली तेव्हा तिनं पाहिलं. सरांची मान छातीवर आली होती. डावा हात पानाशेजारी पडला होता. तिच्या पाहण्याची चाहूल लागल्यासारखी त्यांनी मान उचलली आणि उजव्या हातानं खूण केली. चालू दे. त्या क्षणी तिनं खांदे आवळले असते तर सगळं थांबलं असतं. एक रांग. नवरदेवाकडची. तिनं खांदे आवळले नाहीत.

त्या संध्याकाळी प्रफुल्लनं गाड्या परत पाठवल्या. टेम्पोत चढवताना त्यातली एक धक्क्यानं सुरू झाली आणि रस्ता वळेपर्यंत “आनंद वाटला, आनंद वाटला” म्हणत गेली. प्रफुल्ल बहिणीसमोर आला, तिच्या पायांकडे पाहून हसला आणि डोळे पुसत भांडी मोजायला निघून गेला.

सर दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी उठले तेव्हा त्यांचा डावा पाय त्यांच्याबरोबर उठला नाही. काठीवर चालणारा माणूस वॉकरच्या चौकटीवर आला.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास असता तर उतरला असता. हा आजाराचा नवा झटका असेल. कदाचित झटकाही नसेल, जास्तीच्या भाराचा परिणाम असेल, पण भार कुठून आला? पुस्तकात याबद्दल काहीच नव्हतं, कारण ते पुस्तक अजून लिहिलं जात होतं.

“सरांच्या मेंदूनं त्या दुपारी किती ओझं उचललं हे कळलं तर मला पुढं काय करायचं ते ठरवता येईल,” ऋजुता म्हणाली. “पेटीत ते सगळं उमटतं आणि समितीकडे जातं. पण मी पाहायला गेले तर रविवार कोराच आहे.”

“मग मी सांगते समितीला,” दमयंती म्हणाली.

“ताई, सांगितलंत तर पट्टे जातील. तुमचे, सगळ्यांचे. शहरात असे आठ गट आहेत.”

दमयंती चार दिवस विचार करत राहिली. तिच्या हाताला पुन्हा पंगत लागली होती. गुरुवारी आता पडद्यावर तिच्या नावापुढं ‘घेणारा’ येत होतं. कबुली दिली की ते सगळं गेलं, आणि ओळखही नसलेल्या बाकीच्यांचंही गेलं. नाही दिली तर सरांचा पाय कशानं गेला हे जगात कुणालाच कधी कळणार नाही. पाचव्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली आणि ती समितीसमोर गेली.

सहभारवर देखरेख करणाऱ्या या समितीत तिघं होते. अध्यक्ष मृदू बोलणारे, कपाळावर आठी असलेले.

“रविवारी आम्ही पट्टे मांडवात नेले होते,” ती म्हणाली.

“पट्टे हॉलमध्येच होते,” अध्यक्ष म्हणाले. “पेटीनं जागा ‘हॉल’ अशीच नोंदवली होती.”

“साहेब, तिला हॉलशिवाय दुसरी जागाच माहीत नाही. चंद्रावर नेली तरी ती हॉलच म्हणेल.”

“चंद्रावर नेली होती का?”

“नाही.”

“मग तो मुद्दा येत नाही. आता, रविवारी हॉल बंद असतो. बंद हॉलमध्ये सत्र होऊ शकत नाही. म्हणून ती नोंद तांत्रिक चूक धरून काढून टाकली.”

“अहो, एवढे लोक जेवले!”

“जेवण समितीच्या कक्षेत येत नाही.”

दमयंतीनं बाह्या सरसावून टेबलावर हात ठेवले. ते थरथरत होते. “साहेब, चौरागडे सरांचा पाय गेला. माझ्यामुळे. मी पाहिलं होतं त्यांची मान पडलेली, तरी थांबली नाही.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग शेजारच्या दोघांकडे न पाहता आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, असं बघा. घडलं म्हटलं की सगळे पट्टे कपाटात जातात, आणि कपाटातून काही पुन्हा बाहेर आलेलं मी नोकरीत पाहिलं नाही. घडलं नाही म्हटलं की आठ गट चालू राहतात. तुमच्या सरांना मी ओळखत नाही. आठ गटांतल्या कुणालाच ओळखत नाही. म्हणून मला मोजावं लागतं.”

“माझं म्हणणं लिहून तर घ्या.”

“घेतो,” ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं. घडले नाही.

ती तिथून थेट सरांकडे गेली. सर पलंगावर उशीला टेकून रेडिओवर कुठल्या तरी दूरच्या देशातलं हवामान ऐकत होते.

“सर, मी पाहिलं होतं तुमच्याकडे.”

“मलाही कळलं, तू पाहून राहिली ते.” त्यांनी रेडिओ बारीक केला. “हात केला होता ना मी, चालू दे म्हणून?”

“तुम्ही केला. मी ऐकायला नको होतं.”

“सहा महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं तू माझं. आता त्याचाही पश्चात्ताप करणार का?”

“थट्टा नका करू. मला तो परत पाहिजे सर. माझा होता तो थकवा. मला सवय होती त्याची, मी सांभाळत होती त्याला. तुमच्याकडे काऊन राहील तो?”

सर हसले नाहीत. धूसर नजरेनं तिचा चेहरा शोधत राहिले. “कधी कधी मलाही वाटतं, जास्तच घेतला,” ते म्हणाले. “हे तुला न सांगायचं ठरवलं होतं. रात्री पाय हलवायला जातो अन् तो दुसऱ्या गावी असल्यासारखा वाटतो. तेव्हा राग येतो तुझा. सकाळी जातो. तूही दोन्ही ठेवून घे, रात्रीचा राग अन् सकाळची माफी. नुसती सकाळ नको.”

दमयंतीनं मान हलवली. ती सरांच्या पायाशी बसली आणि तो दुसऱ्या गावचा पाय मांडीवर घेऊन ऋजुतानं शिकवल्याप्रमाणे घोट्यातून फिरवू लागली. सर “एक” म्हणाले. मग दोघं मिळून मोजत राहिली.

पुढच्या गुरुवारी दमयंतीच्या दणकट पायांवरून सरांच्या पायाला ताकद पोचवण्याचा पहिला प्रयत्न झाला. सरांचेच खांदे कानाला लागले होते. नाझनीन म्हणाली, “आता वाढपी हट्टाला पेटलीय सर, घ्या मुकाट्यानं.” थोडं पोचलं, पुष्कळसं सांडलं. नेमकं किती द्यावं हे ऋजुताला अंदाजानंच ठरवावं लागत होतं, कारण रविवार कोरा होता.

म्हणून दमयंतीनं अर्ज केला. अशा अर्जाला भार उचलणाऱ्याची संमती लागेल, असं कार्यालयानं तोंडी सांगितलं. सरांनी सही दिली नाही. वाढलेलं कुणी परत नेत नसतं, म्हणाले. तरीही तिनं तो दिला, पोच घेतली, आणि तो आजही विचाराधीन आहे.

मा. अध्यक्ष, तज्ज्ञ समिती, सहभार प्रकल्प, यांस सविनय सादर.

विषय: अर्जदाराचा थकवा परत मिळणेबाबत.

महोदय, वैशाखातील रविवार घडला नसल्याचे आपले पत्र मिळाले. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तथापि सदर न घडलेल्या दुपारी अर्जदाराच्या शरीरातून निघालेला थकवा अन्य इसमाच्या ताब्यात असून, तो त्यांचा नसताना त्यांना वाहावा लागत आहे. थकव्याच्या ओळखीच्या खुणा: डाव्या कुशीत सुरू होतो, मानेशी येऊन थांबतो, उन्हात वाढतो, कुणी ‘दिसून तर मस्त राहिली’ म्हटल्यास दुप्पट होतो. अर्जदार त्यास अंधारातही ओळखू शकेल. तरी सदर थकव्याचा शोध घेऊन, तो जसाच्या तसा, कमी न करता, मूळ मालकिणीच्या स्वाधीन करण्याचे आदेश व्हावेत, आणि त्या इसमास त्यांचा डावा पाय ज्या गावी गेला असेल तेथून सरकारी खर्चाने परत आणून द्यावा, ही नम्र विनंती.